कोडचे कोठार आपल्याच गाळ्यात : मेमरी किती लागते?

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गूळ, मिरची, बेदाणा, खजूर यांचे भाव आपल्या व्यापारी बांधवांना तोंडपाठ असतात. परंतु २०२५ च्या अखेरच्या महिन्यांपासून ज्या एका मालाला जगभर जबर तेजी आली, तो यार्डात उतरत नसल्यामुळे त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हा माल म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी, जिला रॅम म्हणतात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मोठमोठी डेटा केंद्रे उभारणाऱ्या परदेशी कंपन्यांनी मेमरीच्या चिप आगाऊच उचलल्या. कारखानदारांनीही जास्त नफ्याच्या त्या मालाकडे आपली यंत्रे वळविली आणि साध्या कॉम्प्युटरची रॅम टंचाईत गेली. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करीत असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या स्वस्त कॉम्प्युटरच्या निर्मात्यांनी मेमरी महागल्याचे कारण देऊन किमती वाढविल्या.

तेजीत माल घ्यायचा तर गरजेपुरताच घ्यावा, हे यार्डातील माणसाला सांगण्याची गरज नाही. अडचण अशी की गरज किती हेच ठाऊक नसते. "तुमच्या सॉफ्टवेअरचा कोड ठेवायला स्वतःचा सर्व्हर घ्या, १६ जीबी रॅम तरी लागेल, ३२ असेल तर उत्तम," असे कोणी सांगितले की आपण मान डोलावतो. ज्याच्याकडून माल घ्यायचा त्यालाच किती घेऊ म्हणून विचारण्याचा हा प्रकार झाला.

आता आडत्याला किंवा कारखानदाराला कोडचा सर्व्हर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ज्यांचा हिशोब बाजारात मिळणाऱ्या तयार सॉफ्टवेअरवर चालतो त्यांना तो मुळीच नको. त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. परंतु आडतीचा धंदा तयार सॉफ्टवेअरमध्ये नीट बसत नाही. एका गाडीत दहा शेतकऱ्यांचा माल, प्रत्येकाचे वेगळे वक्कल, वेगळे वजन, वेगळा भाव, त्यातून हमाली, तोलाई, मोटारभाडे आणि आधी दिलेली उचल वजा जाता निघणारी पट्टी, असा सगळा मामला. म्हणून अनेकजण आपल्या सोयीचा प्रोग्राम करून घेतात. कधी बाहेरचा प्रोग्रामर गाठतात, कधी घरातलाच कॉम्प्युटर शिकलेला मुलगा तो लिहितो. जी गोष्ट आडतीची तीच बेकरीवाल्याची, फर्निचर कारखान्याची आणि कामगारांना नगावर मजुरी देणाऱ्या शिलाई कारखान्याची.

असा प्रोग्राम एकदा लिहिला म्हणजे संपले असे होत नाही, कारण नियम बदलत राहतात. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. पट्टीतली एक ओळ उचलून खरेदीदाराच्या बिलात घालावी लागली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या बंद पिशवीतील धान्य-डाळीवर ५ टक्के कर लागला आणि त्याहून मोठे पोते करमुक्त राहिले. म्हणजे तोच तांदूळ, पण पिशवी पाहून बिल बदलायचे. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून खजूर आणि बदाम १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. असा प्रत्येक बदल म्हणजे प्रोग्रामच्या कोडमध्ये हात घालणे आले. कोड म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर. आपल्या कॉम्प्युटरवर चालतो तो त्यापासून तयार झालेला प्रोग्राम, आणि त्यात सहसा दुरुस्ती करता येत नाही. बेकरीत पाव आहे, पण पाककृती दुसऱ्याच्या घरी आहे, अशातला हा प्रकार.

मूळ कोड बहुधा प्रोग्रामरच्या लॅपटॉपमध्ये असतो. तो नोकरीसाठी बंगळूरला किंवा आखातात गेला, लॅपटॉप बिघडला, अथवा त्याचे आपले बिनसले, तर पुढच्या कर-बदलाच्या दिवशी गाळ्यात हाताने पट्ट्या लिहिण्याची पाळी येते. यात कायद्याची एक बाब फार थोड्यांना माहीत आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कॉम्प्युटर प्रोग्राम हे साहित्यकृतीतच मोडतात. कलम १७ प्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम, वेगळा करार नसेल तर, मालकाचा ठरतो. मात्र बाहेरच्या माणसाला पैसे देऊन लिहून घेतलेल्या प्रोग्रामचा हक्क त्या लिहिणाऱ्याकडेच राहतो. तो आपल्याकडे यायचा तर कलम १९ प्रमाणे सहीनिशी लेखी करून घ्यावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. तेव्हा आधी कागद करावा, सर्व्हरचे नंतर पाहावे.

कोड ठेवण्यासाठी आज जगभर गिट नावाची पद्धत वापरतात. फिनलंडमध्ये जन्मलेले लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ती लिहिली आणि ती फुकट आहे. रोजमेळात खाडाखोड चालत नाही, चुकीची नोंद दुरुस्त करायची तर नवी नोंद घालावी लागते. गिटचेही तसेच आहे. कोणत्या तारखेला, कोणी, कोणती ओळ, कशासाठी बदलली हे त्यात कायम राहते. एखाद्या शेतकऱ्याने जुन्या पट्टीचा वाद काढला तर त्या दिवशी प्रोग्राम कोणत्या नियमाने आकारणी करीत होता हे काढून दाखविता येते. असा नोंदीसह ठेवलेला कोड म्हणजे रिपॉझिटरी. आपण तिला कोठार म्हणू.

हे कोठार दुसऱ्याच्या जागेतही ठेवता येते. २००८ मध्ये सुरू झालेले आणि २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे असलेले गिटहब ही त्यातली सर्वांत मोठी वखार. एप्रिल २०२० पासून तिथे खासगी कोठारही कितीही सहकाऱ्यांसह विनामूल्य मिळते. माझे स्पष्ट मत असे की एकच प्रोग्रामर आणि एकच प्रोग्राम असेल तर ही सोय पुरेशी आहे. फक्त खाते प्रोग्रामरच्या नावावर न ठेवता दुकानाच्या नावावर ठेवावे. स्वतःचे कोठार ज्यांना हवे त्यांची कारणे वेगळी असतात. दोन-चार जण एकाच कोडवर काम करतात, इंटरनेट बंद पडले तरी काम थांबू नये असे वाटते, किंवा दुसऱ्याच्या वखारीच्या चाव्या दुसऱ्याकडे असतात हे मनाला पटत नाही. शेवटचे कारण निव्वळ शंकेचे नाही. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया व क्रिमियातील प्रोग्रामरांच्या गिटहब खात्यांवर बंधने आली होती. इराणपुरती ती जानेवारी २०२१ मध्ये उठली. ज्यांचे खासगी कोठार अडकले त्यांचा स्वतःचा दोष काहीच नव्हता.

गाळा वेगळा, गोदाम वेगळे

आता मेमरीकडे वळू. पुष्कळ बांधव रॅम आणि डिस्क यांत गल्लत करतात. डिस्क म्हणजे गोदाम. रात्री वीज गेली तरी माल जागेवर राहतो. रॅम म्हणजे गाळ्याची जमीन, जिच्यावर पोती उघडायची, माल पाखडायचा, वजन करायचे. काम चालू आहे तोवरच माल तिथे असतो, आणि वीज गेली की जमीन झाडून साफ. गोदामात शंभर टन माल असला म्हणून गाळा शंभर टनांचा लागत नाही. एका वेळी किती माल उघडायचा आणि किती माणसे त्यावर बसवायची, यावर गाळ्याची लांबी-रुंदी ठरते. कोठाराच्या सर्व्हरचा सारा हिशोब या एका वाक्यात येतो.

मग पहिला प्रश्न असा की रिकाम्या वेळीही गाळ्यात किती माणसे बसवून ठेवायची आहेत?

कोणीही बसवायचे नसेल तर नुसते गिट पुरते. लिनक्स घातलेला एक कॉम्प्युटर, त्यावर गिट, आणि बाहेरून सुरक्षितपणे आत येण्याची एसएसएच नावाची सोय, एवढेच. कोणी कोड आणत-नेत नसताना गिट जवळजवळ काहीच मेमरी घेत नाही, कारण ते चालूच नसते. माल आला की उठते, ठेवते, पुन्हा झोपते. पडदा नसलेल्या लिनक्सला स्वतःला काहीशे एमबी लागतात. अर्धा ते एक जीबी रॅमचा जुना कॉम्प्युटरही हे काम निभावतो. मात्र यात ब्राउझरमध्ये कोड पाहणे, कामांची यादी ठेवणे, कोणाला काय दिसावे हे सोयीने ठरविणे असले काही मिळत नाही. सगळे काळ्या पडद्यावर आदेश देऊन करायचे.

त्यापुढचा पर्याय गिटी किंवा फोर्जेजो हा. २०१४ मध्ये गॉग्स नावाचा एक छोटा प्रोग्राम आला, त्यातून २०१६ मध्ये गिटी फुटला आणि गिटीतून २०२२ मध्ये फोर्जेजो. भाऊबंदकीत वाटण्या झाल्या तशाच या. तिघेही गो या भाषेत लिहिलेले असून प्रत्येकाचा कारभार एकाच आटोपशीर प्रोग्रामात मावतो. एकटा माणूस काटा पाहतो, तोच पट्टी लिहितो, तोच गल्ल्यावर बसतो, असा हा गाळा. नोंदींसाठी वेगळा डेटाबेस चालवायचा नसेल तर एसक्यूलाइट ही एका फाइलमध्ये राहणारी वही चालते. गिटीच्या कर्त्यांनीच छोट्या मंडळींसाठी २ कोअरचा प्रोसेसर आणि १ जीबी रॅम सहसा पुरते असे लिहून ठेवले आहे. आपण हंगामाची सोय म्हणून २ जीबी धरू.

तिसरा गिटलॅब. २०११ मध्ये सुरू झालेली ही मोठी पेढी आहे. कोडचे कोठार हा तिचा एक विभाग झाला. शिवाय वेगळा डेटाबेस, तात्पुरत्या नोंदींसाठी रेडिस, पडद्यावर पाने दाखवणारे प्यूमाचे किमान दोन कामगार, मागच्या खोलीत टपाल व इतर कामे करणारा साइडकिक, गिटची ने-आण पाहणारा गिटाली आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारा प्रोमिथियस असा सगळा नोकरवर्ग असतो. एकही गिऱ्हाईक नसले तरी हे सर्वजण गादीवर बसून असतात आणि जागा अडवतात. एकटा साइडकिक उठला की २०० एमबीहून अधिक घेतो. गिटलॅब अनेक वर्षे किमान ४ जीबी सांगत असे. अलीकडे हजार माणसांपर्यंतच्या कारभारासाठी त्याहून अधिक सांगतात. म्हणजे १६ आणि ३२ जीबीचा आकडा जिथून येतो ती पेढी आपल्या गाळ्याची नव्हे.

तरीही प्रोग्रामरला सवय गिटलॅबचीच असेल तर एक वाट आहे. पाचेक माणसे आणि प्रत्येकी १०० एमबीच्या आतली कोठारे असतील तर २ जीबी रॅम व १ जीबी स्वॅपमध्येही ते बसविता येते, असे गिटलॅबच्याच कागदपत्रांत आहे. त्यासाठी प्यूमाचे जादा कामगार काढायचे, साइडकिकला एका वेळी थोडीच कामे द्यायची, देखरेखीचा प्रोमिथियस बंद करायचा. काम मंद चालते, पण चालते. एवढी कसरत करण्यापेक्षा गिटी बरा, असे मला वाटते.

हंगाम कधी येतो

सरासरी पाहून गाळा घेणाऱ्याची हापूसच्या हंगामात फजिती होते. मेमरीचेही तसेच आहे. दिवसभर सर्व्हर सुस्त असतो आणि एकाच क्षणी सारी मेमरी खातो. असा क्षण नेमका कधी येतो?

एक, मोठा माल एकदम येताना. गिट आपली पोती दाबून ठेवते. सारख्या मजकुराच्या फाइली शेजारी ठेवून फक्त फरक नोंदविते. हे जुळवताना त्या फाइली मेमरीत उघडाव्या लागतात. प्रोसेसरला जितके कोअर तितके हात एकाच वेळी हे काम करतात, आणि प्रत्येक हात आपली वेगळी जागा घेतो. म्हणून आठ कोअरचा नवा प्रोसेसर आणि त्यात जेमतेम २ जीबी रॅम ही जोडी वाईट. गिटला एका किंवा दोनच हातांनी काम करण्याची आणि प्रत्येक हाताला ठराविक मेमरी देण्याची सूचना करता येते. पॅक-थ्रेड्स आणि पॅक-विंडो-मेमरी अशा त्या दोन खुणा आहेत. आपल्या प्रोग्रामरला नावे सांगितली तर तो पाच मिनिटांत करून देईल.

दुसरे म्हणजे कोठारात भलताच माल भरणे. पट्टीच्या प्रोग्रामचा कोड, कित्येक वर्षांच्या बदलांसह, काही एमबीत मावतो. पण कोणी त्याच कोठारात पट्ट्यांचे फोटो, स्कॅन केलेली बिले, रोजच्या डेटाबेसची दाबलेली प्रत असे भरू लागला की गाडी अडलीच. दाबलेल्या फाइलीतला फरक गिटला नीट काढता येत नाही, रोज पूर्ण प्रत साठते, आणि एकदा आत गेलेले बाहेर काढणे कटकटीचे होते. गव्हाच्या कोठारात मिरची ठेवू नये हे आपण जाणतो. हिशोबाचा डेटा वेगळ्या डिस्कवर राहावा, कोठारात फक्त कोड असावा.

आणखी एक मोठा खादाड आहे, आणि सर्व्हर अपुरा पडल्याच्या तक्रारीत बऱ्याचदा तोच निघतो. कोड आला की तो आपोआप तपासून त्याचा प्रोग्राम तयार करण्याची सोय या सर्व्हरांबरोबर मिळते. ते काम करणाऱ्याला रनर म्हणतात. कोड ठेवायला १ जीबी पुरत असताना प्रोग्राम तयार करायला ४ जीबी लागू शकतात. हा रनर कोठाराच्या मशीनवर ठेवू नये, प्रोग्रामरच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवावा. गहू साठवायची जागा आणि गिरणी एका छपराखाली आणली की दोन्हीकडे पीठच पीठ.

मेमरी पूर्ण संपली तर लिनक्स थांबून राहत नाही. ज्याने सर्वाधिक जागा अडवली आहे असा एखादा प्रोग्राम निवडून त्याला सरळ बंद करते. अनेकदा हा नंबर डेटाबेसचाच लागतो. पडद्यावर काहीतरी इंग्रजी चूक दिसते आणि सर्व्हर "मधूनमधून बंद पडतो" अशी तक्रार सुरू होते. दिलासा एवढाच की अर्धवट आलेला माल गिट कोठारात दाखल करून घेत नाही. आधीचा सारा शाबूत राहतो. असे एकदम होऊ नये म्हणून स्वॅप ठेवतात, म्हणजे गाळा भरला की काही पोती तात्पुरती गोदामात सरकवणे. दोन जीबी स्वॅप असावा. पण रोजच तो वापरात दिसत असेल तर गाळा लहान पडतो आहे असे समजावे. रास्पबेरी पायसारख्या मशीनमध्ये मोबाइलच्या मेमरी कार्डावर स्वॅप ठेवला तर ते कार्ड लवकर झिजते, हेही ध्यानात असू द्यावे.

रॅम वाढवायची की नाही हे ठरविण्याआधी मोजून पाहावे. लिनक्सवर फ्री नावाचा आदेश आहे. त्यात "फ्री" या रकान्यातला आकडा पाहून लोक घाबरतात, कारण तो नेहमी लहानच असतो. रिकामी पडलेली मेमरी लिनक्स नुकत्याच वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला वापरते आणि कोणी मागितली की लगेच मोकळी करते. पाहायचा तो "अव्हेलेबल" हा रकाना. कामाच्या ऐन गर्दीतही तिथे एकूण मेमरीच्या चौथाईइतका आकडा राहत असेल तर एक रुपयाही घालू नये. आठवडाभर दिवसातून तीनदा आकडा वहीत टिपला की दुकानदाराशी बोलताना आपल्या हातात काही असते.

ज्यांनी नव्वदच्या दशकात डॉसवर फॉक्सप्रोमध्ये हिशोब चालविला त्यांना आठवत असेल की प्रोग्रामला थेट मिळणारी मेमरी तेव्हा ६४० केबी होती. एक जीबी म्हणजे त्याच्या सोळाशे पटींहून अधिक.

तर पाच-सहा जणांच्या आत काम असलेल्या पेढीला मी काय घ्यायला सांगेन? नवे काही घेऊ नये. कार्यालयातून निघालेला, ८ जीबीचा जुना कॉम्प्युटर घ्यावा, त्यावर पडदा नसलेले लिनक्स आणि गिटी घालावे. सगळे मिळून १ जीबीच्या आसपास जाईल आणि बाकीची मेमरी हंगामाला राहील. घरात ४ जीबीचा पडून असेल तर तोही चालेल. तोच कॉम्प्युटर बिलिंगला मात्र लावू नये. आणि तो भुसाराच्या गाळ्यात काउंटरखाली ठेवू नये. हळद-मिरचीची धूळ पंख्यात बसते, मशीन तापते, रॅमचे टोक मळते आणि मशीन सुरू होण्यास नकार देते. पोटमाळ्यावर, हवेशीर जागी, छोट्या यूपीएसवर ठेवावा.

प्रत दुसऱ्या ठिकाणी हवीच, आणि ती उघडून पाहिलेली हवी. खुद्द गिटलॅब कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच तऱ्हा कागदावर होत्या, ऐनवेळी त्यांतली एकही नीट उपयोगी पडली नाही. सुदैवाने कोणीतरी काही तासांपूर्वी हाताने काढलेली प्रत सापडली आणि सुमारे सहा तासांच्या नोंदी गमावून त्यांना उभे राहता आले. आपल्याकडे महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत काढून, दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती उघडून, त्यातून प्रोग्राम तयार होतो का हे प्रोग्रामरकडून समोर बसून करून घ्यावे.

इतके करूनही रॅम घ्यावीच लागली तर बुधवार पेठेत किंवा अन्यत्र जाण्यापूर्वी मशीन उघडून जुन्या पट्टीवरचे लेबल मोबाइलवर टिपून न्यावे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, मोठ्या कॉम्प्युटरची लांब. जागा दोन असतील तर एकात ८ जीबीची एकच पट्टी घालून दुसरी जागा मोकळी ठेवावी. भाव उतरल्यावर ती भरता येईल. पक्क्या बिलावर पट्टीचा सीरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी.